शिकवल्यावाचून आलेले

गेल्या दिवाळीत आमच्या घरी एका चकलीवरून भाषाशास्त्राचा तंटा उभा राहिला. आमची सून मदुरेची, मातृभाषा तमिळ. आठ वर्षांत तिने मराठी अशी काही आत्मसात केली आहे की दारावर येणाऱ्या भाजीवाल्याला शंकाही येत नाही. पण त्या दिवशी फराळाला बसलेल्या मंडळींत ती म्हणाली, "मी दोनच चकल्या खाल्ले," आणि हशा पिकला. "अगं, 'खाल्ले' नव्हे, 'खाल्ल्या'!" चारी बाजूंनी दुरुस्त्या आल्या. ती ओशाळली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, 'मी चहा प्यायले' चालतं, 'मी छत्री विसरले' चालतं. मग 'मी चकली खाल्ले' का चालत नाही?"

हसणारे गप्प झाले. जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेला मीही गप्प झालो.

आपल्याला पक्के ठाऊक असते, पण का ते सांगता येत नाही, अशा या ज्ञानातूनच नोम चॉम्स्की यांचे जनक व्याकरण उभे राहिले. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाचा 'व्हर्बल बिहेवियर' हा ग्रंथ १९५७ साली निघाला. मूल भाषा शिकते ती उत्तेजन, प्रतिसाद आणि शाबासकी यांतून, दाण्यासाठी टोच मारायला शिकणाऱ्या कबुतरासारखी, असा त्याचा एकंदर रोख. १९५९ साली चॉम्स्की यांनी 'लँग्वेज' या नियतकालिकात त्याचे तेहतीस पानी परीक्षण लिहिले. मूळ ग्रंथापेक्षा त्यावरचे परीक्षणच अधिक गाजावे, असे भाग्य टीकाकाराच्या वाट्याला क्वचितच येते; आम्हां टीकालेखकांना त्याचा हेवा वाटल्यास नवल नाही.

त्या परीक्षणाचा मुद्दा पटवायला मला अमेरिकेत जावे लागत नाही. त्याच सकाळी चार वर्षांची नात धावत येऊन म्हणाली होती, "आजोबा, मी रांगोळी करली!" आमच्या घरात 'करली' कोणी म्हणत नाही. तिने तो शब्द ऐकला नव्हता, त्याबद्दल खाऊही मिळाला नव्हता. धरली, भरली, चारली हे ऐकून तिने मनाशी नियम बांधला आणि 'करली' घडवले. चूक आहे खरी, पण पाठांतराने होणारी ही चूक नव्हे. नियम हाती आल्यावाचून ती होतच नाही.

याहून सूक्ष्म प्रयोग वाचकांनी घरच्या घरी करावा. 'राम म्हणाला की श्यामने स्वतःला मारले.' मार कोणाला बसला? श्यामला. आता 'स्वतःला' काढून 'आपल्याला' घाला: 'राम म्हणाला की श्यामने आपल्याला मारले.' आता मार रामाला! 'स्वतः' जवळच्या कर्त्याला धरून राहतो, 'आपण' त्याला ओलांडून दूरच्या कर्त्याकडे जातो. काशी वाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठीच्या या सर्वनामांचा कसून विचार केला आहे. परंतु कोणत्या आईने पाळण्याशी बसून हे मुलाला समजावले आहे?

चॉम्स्की यांचा हा प्रश्न मला अभेद्य वाटतो. त्यांच्या उत्तराबद्दल तसे म्हणवत नाही. कानावर पडणारे बोलणे एवढ्या ज्ञानाला पुरेसे नाही, म्हणून सर्व भाषांना समान अशा व्याकरणाचा आराखडा मूल जन्मतःच घेऊन येते, असे ते म्हणतात. मायकेल टोमासेलो यांनी २००३ सालच्या ग्रंथात उलट बाजू मांडली: मूल ऐकलेल्या ठरावीक वाक्यांपासून आरंभ करते, बोलणाऱ्याचा हेतू ओळखते आणि त्यांतून हळूहळू नियम विणते. वाद मिटलेला नाही. माझी तक्रार मात्र निराळी आहे. १९६५ सालच्या ग्रंथात चॉम्स्की यांनी आपल्या शास्त्रासाठी एक आदर्श वक्ता-श्रोता कल्पिला. तो संपूर्ण एकजिनसी भाषासमाजात राहतो आणि आपली भाषा निर्दोष जाणतो. असे एक घर मला दाखवावे! आमच्या नातीची आईशी तमिळ आणि आमच्याशी मराठी चालते. पदार्थविज्ञानही घर्षण वजा करून गणित मांडते, हे मी जाणतो. पण दुसरी भाषा शिकणे म्हणजे बहुतांशी ते घर्षणच.

हे घर्षण कसे असते पाहा. 'आपण' आणि 'आम्ही' यांत सून पहिल्या दिवसापासून कधी चुकली नाही, कारण तिच्या तमिळमध्ये 'नाम्' आणि 'नांगळ्' असा तोच भेद आहे. आमचे हिंदीभाषी शेजारी वीस वर्षे इथे आहेत, पण त्यांच्याजवळ एकटा 'हम'. "आम्ही उद्या सिनेमाला जाऊ," असे ते म्हणतात तेव्हा मला आमंत्रण आहे की नाही, हे कळत नाही. उलट तमिळमध्ये चकली आणि लाडू दोन्ही नपुंसकलिंगी, आणि क्रियापद बोलणारीला धरून चालणारे. म्हणून 'मी खाल्ले'.

जनक व्याकरणवाल्यांनी या प्रौढ विद्यार्थ्याला अगदीच विसरले असे नव्हे. रॉबर्ट ब्ले-व्ह्रोमन यांनी १९८९ साली म्हटले की मुलाचे शिकणे आणि मोठ्याचे शिकणे मुळातच वेगळे. बॉनी श्वार्ट्झ आणि रेक्स स्प्राउस यांनी १९९६ साली प्रतिपादले की प्रौढ माणूस पहिल्या भाषेचे सगळे व्याकरण घेऊनच दुसरीत शिरतो, पण जन्मजात आराखडाही त्याला खुला असतो. मला दुसरे मत जवळचे वाटते. चहा, छत्री आणि चकली यांची सांगड घालून जी प्रश्न विचारते, तिच्यातले ते यंत्र बंद पडले आहे असे कसे म्हणावे? तिने आमच्या नातीसारखाच नियम बांधला होता. फरक इतकाच की नातीच्या 'करली'ला आम्ही कौतुकाने हसलो, आणि तिच्या 'खाल्ले'ला नुसतेच हसलो.

रात्री मी व्याकरणाची जुनी पुस्तके काढून बसलो. पिणे, विसरणे, शिकणे अशी थोडीच सकर्मक क्रियापदे भूतकाळात कर्त्याला धरून राहतात. खाणे त्यांत नाही. का नाही, याचे उत्तर त्या पुस्तकांत मिळाले नाही, आणि तसे मी तिला सांगितले. नात आता 'केली' म्हणते. केव्हा म्हणू लागली ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही. सुनेने फराळाच्या हिशेबाच्या वहीत ती क्रियापदे एकाखाली एक उतरवून घेतली आहेत, आणि खाली 'चकल्या खाल्ल्या' असे लिहून त्याभोवती चौकट केली आहे.