कृत्तिकांचे छायाचित्र वाचताना

कृत्तिकांचे निळ्या धुक्यात बुडालेले छायाचित्र तुम्ही पाहिले असेलच. वर्गातल्या तक्त्यावर, पुस्तकात, आता मुलांच्या मोबाइलवरही ते असते. सुंदर आहे, यात वाद नाही. पण तारकागुच्छ शिकवायला ते कितपत उपयोगी?

जानेवारीत एका शाळेची मुले जिंतूर तालुक्यात येलदरी धरणाच्या काठी आकाश पाहायला जमली होती. परभणी जिल्ह्यातून कृत्तिका जवळजवळ डोक्यावरून जातात. त्या दिवसांत रात्री साडेआठच्या सुमारास. एका मुलीने सहा तारे बरोबर मोजले आणि विचारले, "सर, ते निळं कुठंय? माझ्या डोळ्यांत काही दोष आहे का?" डोळे उत्तम होते. छायाचित्र आधी दाखवण्याची चूक आमची.

कॅमेऱ्याने पुष्कळ वेळ प्रकाश साठवला की ते निळे धुके उमटते. ताऱ्यांचा प्रकाश धूलिकणांवरून विखुरतो, त्यात निळा अधिक असतो. याच ढगातून हे तारे जन्मले, असे चित्राखाली पुष्कळदा छापलेले असते. ते चूक आहे. गुच्छाचे वय सुमारे १० कोटी वर्षे. जन्मवेळचा वायू आणि धूळ केव्हाच पांगली. हा ढग वेगळा, त्याची गतीही वेगळी. धुळीच्या लोटातून एस.टी. जावी तसा गुच्छ सध्या त्यातून चालला आहे. जन्मस्थानच दाखवायचे तर मृगातला तेजोमेघ दाखवावा. ताऱ्यांना फुटलेले चार काटेही आकाशातले नव्हेत. दुर्बिणीतला छोटा आरसा ज्या पट्ट्यांवर बसवतात, त्यांची ती करामत. निदान कॅमेरा किती वेळ उघडा होता, एवढे तरी चित्राखाली छापावे!

त्यापेक्षा तिपाईवर साधा कॅमेरा, ५० मिमीचे भिंग आणि १० सेकंद पुरेत. आकाश तासाला १५ अंश सरकते, म्हणून फार वेळ थांबलात तर ताऱ्यांच्या रेघा होतात. या चित्रात धुके नसते, पण डोळ्यांना दिसतात त्याहून कितीतरी जास्त तारे मोजता येतात.

शाळेच्या दुर्बिणीचा मात्र येथे उपयोग थोडा. कृत्तिका सुमारे दोन अंश, म्हणजे चार पूर्णचंद्रांएवढ्या पसरल्या आहेत. मोठ्या वर्धनात तीन-चारच तारे उरतात आणि गुच्छ हरवतो. ७×५० चा बायनॉक्युलर चांगला. आम्ही तो त्या मुलीच्या हाती दिला. ती पुन्हा मोजू लागली. सत्ताविसाव्या ताऱ्याशी हात हलला, आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली.