घामाचा वास आणि खर्जाचा नाद

इलेक्ट्रिक बेस गिटार हे वाद्य अमेरिकेत १९५१ साली बाजारात आले. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने ते तयार केले आणि त्याचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूकता, असे ठेवले. मानेवर पडदे बसविल्यामुळे वादकाचा स्वर नेमका लागे, म्हणून हे नाव. तोवर जाझ आणि नाचगाण्याच्या वाद्यवृंदांत खर्ज सांभाळण्याचे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे होते. नवे वाद्य खांद्याला अडकवता येई आणि विजेच्या बळावर ड्रमच्या दणक्यातही ऐकू येई. त्याच्या चार तारांपैकी सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिचा नाद कानाला ऐकू येतो आणि छातीलाही जाणवतो.

अशा नादाचे वर्णन करणे अवघड असते. स्वर कोणता, ताल कोणता, हे सांगण्यासाठी संगीतशास्त्राने परिभाषा दिली आहे. नाद कसा आहे, हे सांगण्यासाठी तिने फारसे शब्द दिलेले नाहीत. ते वादकांनी आपल्या कामातून बनविले. हे शब्द कोणाच्या हातांतून आले आणि पुढे कोणाच्या मालकीचे झाले, याचा विचार आपण येथे करू.

बेसवादक नादाला ‘फॅट’ म्हणजे भरदार म्हणतात, ‘राउंड’ म्हणजे गोल म्हणतात, ‘वॉर्म’ म्हणजे उबदार म्हणतात. नादाला ‘पंच’ आहे असे ते म्हणतात, म्हणजे तो ठोशासारखा बसतो. एखाद्या नादात ‘ग्राउल’ असतो, म्हणजे जनावराची गुरगुर असते. हे सारे शब्द अंगाचे, अन्नाचे, जनावराचे आहेत. ते अस्पष्ट नाहीत. नाद उबदार आहे याचा अर्थ मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे बारीक उपस्वर त्यात कमी आहेत. पंच आहे याचा अर्थ स्वराचा आरंभ जोरकस आहे आणि तो रेंगाळत नाही. वादकांची ही बोली ऐकणाऱ्याला ढोबळ वाटते. कामाच्या जागी ती पुरेशी काटेकोर असते.

याच बोलीत ‘क्लीन’ आणि ‘डर्टी’ अशी एक जोडी आहे. स्वच्छ आणि मळका. शिवाय ‘मडी’ म्हणजे चिखलट असा शब्द आहे, आणि तो दोष दाखवितो. आमच्या वाचकाला ही वाटणी ओळखीची वाटेल. स्वच्छतेला गुण आणि मळाला दोष मानण्याची रीत नादापुरती राहत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे. परंतु घाईने निष्कर्ष काढू नये. कारण याच बोलीत एक शब्द असा आहे, ज्याने ही वाटणी उलटी केली. तो शब्द ‘फंक’.

इंग्रजीत फंक म्हणजे उग्र दर्प. सतराव्या शतकात तंबाखूच्या धुराच्या घाणीला हा शब्द लावीत. पुढे घामट अंगाच्या वासालाही तो लावला गेला. अमेरिकेतील काळ्या वादकांनी हाच शब्द स्तुतीसाठी उचलला. रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन या अभ्यासकाने १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचा संबंध आफ्रिकेतील किकोंगो भाषेतील ‘लु-फुकी’ या शब्दाशी जोडला. त्याचाही अर्थ अंगाचा दर्प असाच आहे. पण कष्ट करून आपले काम सिद्धीस नेणाऱ्या माणसाचा तो दर्प असल्यामुळे तेथे तो गौरवाचा ठरतो. व्युत्पत्तीविषयी दुमत होऊ शकेल. परंतु मालकाच्या नाकाला जी घाण होती ती मजुराने प्रतिष्ठेची खूण म्हणून मिरविली, एवढे निर्विवाद आहे.

या शब्दाचा अर्थ ज्याच्या हातांत दिसतो तो वादक म्हणजे जेम्स जेमरसन. १९३६ साली दक्षिण कॅरोलायनातील एडिस्टो बेटावर जन्मलेला हा काळा माणूस डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत वाजवीत असे. बेरी गॉर्डी याने ही कंपनी १९५९ साली काढली. साठच्या दशकात जगभर गाजलेल्या तिच्या असंख्य गीतांखाली जेमरसनचा खर्ज आहे. तो उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने तारा छेडी. त्याच्या प्रिसिजनवर सपाट गुंडाळीच्या जाड तारा होत्या आणि त्या तुटल्याखेरीज तो बदलीत नसे. बोटांचा घाम आणि मळ तारांत मुरला पाहिजे, फंक तेथेच राहतो, अशी त्याची धारणा सांगितली जाते. यात अंधश्रद्धा नाही. मळलेल्या तारेचे वरचे उपस्वर दबतात, मूळ स्वर ठसठशीत राहतो आणि गायकाच्या आवाजाला जागा मोकळी होते. मळ हे येथे नादशास्त्र आहे. आपल्या वाद्याला तो ‘फंक मशीन’ म्हणे.

आता दुसरी बाजू पाहू. जेमरसनच्या नादाला जगाने कोणते नाव दिले? ‘मोटाउन टोन’. नाद हाताचा, नाव कंपनीचे. साठच्या दशकात तबकडीच्या वेष्टनावर या वादकांची नावे छापली जात नसत. १९७१ साली मार्विन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या तबकडीवर ती छापली गेली. १९७२ साली कंपनीने आपले बिऱ्हाड लॉस एंजेलिसला हलविले. १९८३ साली वयाच्या ४७ व्या वर्षी जेमरसन वारला. त्याआधी थोडेच दिवस त्याचे ते वाद्य चोरीला गेले होते. संगीतातील मानाच्या दालनात त्याला २००० साली, साथीदारांच्या वर्गात, स्थान मिळाले. येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. मोटाउनचा मालक गोरा नव्हता. ती काळ्या माणसाने काढलेली, काळ्यांना अभिमान वाटावा अशी कंपनी होती. तरीही तिच्यात वाजवणारा निनावी राहिला. आपल्यातला माणूस मालक झाला म्हणजे श्रमिकाला नाव मिळतेच असे नाही, हे चळवळीतील माणसांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मळाचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. आज जेमरसनच्या नावाने तारांचा संच विकला जातो. कारखान्यात नव्या गिटारींचा रंग मुद्दाम उडवून, लाकूड झिजवून त्या जुन्या भासविल्या जातात आणि त्यांना अधिक किंमत येते. घाम न गाळता घामाची खूण विकत मिळते. विशेषण श्रमापासून तुटले की त्याचा असा माल होतो.

तोडण्याची ही क्रिया नाव बदलूनही होते. १९६६ साली ज्या ओकलंड शहरात ब्लॅक पँथर पक्ष निघाला, आणि ज्याच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले, त्याच ओकलंडमध्ये लॅरी ग्रॅहम वाढला. तो आईबरोबर क्लबांत वाजवीत असे. त्यांच्याजवळ ड्रमवादक उरला नाही, तेव्हा त्याने अंगठ्याने तार ठोकून मोठ्या ड्रमची उणीव भरून काढली आणि बोटाने तार ओढून सोडून स्नेअर ड्रमची. या रीतीला तो ‘थंपिंग’ आणि ‘प्लकिंग’ म्हणतो. १९६९ नंतर स्लाय अँड द फॅमिली स्टोन या वाद्यवृंदातून ती जगभर पसरली. आज ती ‘स्लॅप’ म्हणजे चापट या नावाने शिकविली जाते. चापट हा शब्द प्रेक्षकाच्या डोळ्यांना काय दिसते ते सांगतो. ग्रॅहमचे शब्द हात कोणाचे काम करीत आहेत ते सांगतात. पहिल्या शब्दात गंमत आहे. दुसऱ्यात पोटासाठी दोन माणसांचे काम एकाने उचलल्याचा इतिहास आहे.

यावर कोणी आक्षेप घेईल की, मग चिखललाही गुण म्हणावे काय? नाही. बेसचा आणि मोठ्या ड्रमचा नाद दोनशे हर्ट्झच्या आसपास एकमेकांत मिसळला की दोन्ही ऐकू येईनासे होतात. हा खरा दोष आहे आणि तो जेमरसननेही दोषच मानला असता. मळात मुरलेली तार आणि चिखलात बुडालेला स्वर या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला भेद विशेषणावरून कळत नाही. हाताने काय केले ते पाहिल्यावर कळतो.

हे शब्द मराठीत आणताना याचा प्रत्यय लगेच येतो. ‘वॉर्म’चे भाषांतर ‘उबदार’ असे केले की मऊ, दबका नाद मनात येतो. पण हलगी वाजवणाऱ्याला ऊब म्हणजे काय ते विचारा. तो हलगी जाळावर शेकतो ती कातडे ताणले जावे आणि कडकडाट निघावा म्हणून. त्याच्या लेखी तापलेला नाद तिखट असतो आणि थंडावलेला नाद दबका. शब्द एकच, अर्थ उलटा, कारण काम वेगळे.

मराठी समीक्षेने आमच्या लेखनाला ‘भडक’, ‘रांगडे’, ‘असंस्कृत’ अशी विशेषणे लावली, तेव्हा तीही नादाचीच विशेषणे होती. त्यांना उत्तर म्हणून आपणही ‘जळजळीत’, ‘धगधगते’, ‘विद्रोही’ हे शब्द प्रत्येक कवितेला लावू लागलो, तर तो कारखान्यात झिजविलेल्या गिटारीचाच प्रकार होईल. कवितेला धगधगती म्हणणाऱ्याने धग कोणत्या ओळीत, कोणत्या बोलीतून, कोणाच्या अनुभवातून आली ते दाखविले पाहिजे. आपल्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना समीक्षेची सुरुवात येथून करता येईल. विशेषण लिहिण्यापूर्वी हात कोणाचा ते शोधावे आणि त्याचे नाव लिहावे.