परदेशगामी शिक्षक आणि 'निवेदन'

आमच्या वाङ्मयांत परदेशगमनाचीं वर्णनें पुष्कळ आहेत. परंतु तीं बहुतेक शिकावयास गेलेल्यांचीं किंवा पाहावयास गेलेल्यांचीं आहेत. आपली विद्या घेऊन समुद्र ओलांडणारा मराठी शिक्षक ग्रंथांतून क्वचितच भेटतो. म्हणून धर्मानंद कोसंबी यांचें १९२४ सालीं प्रसिद्ध झालेलें 'निवेदन' हें आत्मचरित्र पुन्हां उघडून पाहाणें आम्हांस अगत्याचें वाटतें. धर्मशोधाची कथा म्हणून त्याची वाखाणणी पूर्वींच होऊन चुकली आहे. आम्ही तें येथें एका शिक्षकाचें चरित्र म्हणून वाचूं इच्छितों. कारण हिमायतनगरासारख्या तालुक्याच्या गांवींहि बी. एड. झालेल्या मुलानें परदेशांत शाळेची नोकरी धरावी कीं नाहीं, हा प्रश्न आज सुशिक्षित घरांतून उघड बोलला जातो. एक पक्ष म्हणतो, पैसा असेल तिकडे जावें. दुसरा म्हणतो, ज्या देशानें शिकविलें त्याला सोडणें हा कृतघ्नपणा होय. कोसंबींचें चरित्र या दोन्ही पक्षांस अडचणींत टाकणारें आहे.

कोसंबी ९ ऑक्टोबर १८७६ रोजीं गोमंतकांत सांखवाळ येथें जन्मले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशीं कधींच नव्हती. १८९९ त त्यांनीं संस्कृत शिकण्यासाठीं घर सोडलें. आणि पुणें, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ अशी वाट तुडवीत ते अखेर कोलंबोस विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपुढें पाली शिकावयास बसले. पुढें ब्रह्मदेशांतहि त्यांनीं हा अभ्यास चालविला. हा सर्व प्रवास सांगतांना लेखकाची भाषा साधी आणि संथ आहे. काशीच्या अन्नछत्रांतील जेवण असो कीं एखाद्या नव्या ग्रंथाचा लाभ असो, स्वर चढत नाहीं. आपण फार सोसलें, असें वाचकाच्या गळीं उतरविण्याची धडपड येथें नाहीं, आणि म्हणूनच तें सोसणें वाचकाला खरें वाटतें.

हिंदुस्थानांत परतल्यावर कोसंबी कलकत्त्यास पाली शिकवूं लागले. तेथें त्यांना जास्त पगार मिळत असतां बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनीं महाराष्ट्रांत राहून अभ्यास व लेखन करण्यासाठीं दरमहा ५० रुपये देऊं केले, आणि कोसंबींनीं ते पत्करले. पैसा असेल तिकडे शिक्षक जातो, हा सिद्धांत येथें टिकत नाहीं. पण नुसत्या स्वदेशप्रेमाचा उपदेशहि त्यांना घेऊन आला नाहीं. महाराजांनीं उपदेशाबरोबर निश्चित वेतन दिलें आणि स्वतःचें म्हणतां येईल असें काम दिलें. निर्वाह आणि काम हीं दोन्ही एकत्र आलीं तेव्हां माणूस परत आला. 'निवेदना'तील हा प्रसंग आमच्या संस्थाचालकांनीं तरी अवश्य वाचावा.

१९१० सालीं ते अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरन या पंडितानें बुद्धघोषाचार्यांच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचें संपादन आरंभिलें होतें. १८९९ त त्याच्या मृत्यूनें तें अपुरें राहिलें. तें पुरें करण्यास हार्वर्ड विद्यापीठाला पाली जाणणारा माणूस हवा होता, आणि पदवीवांचूनचा हा गोमंतकीय अध्यापक तेथें बोलावला गेला. ज्ञानाची पारख सनदेवांचूनहि होऊं शकते, याचें हें दुर्मिळ उदाहरण. परंतु पुढची हकीकत तितकी सुखाची नाहीं. संपादनाचें श्रेय कोणाचें, या प्रश्नावर प्राध्यापक लॅनमन यांच्याशीं त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ त ते परतले. त्यानंतरहि १९१८ पासून ते पुन्हां पुन्हां हार्वर्डला गेले आणि काम संपविलें. मात्र तेथील आवृत्ति निघाली १९५० सालीं, म्हणजे ४ जून १९४७ रोजीं सेवाग्राम येथें त्यांचा देहान्त झाल्यावर. तिच्यावर संपादक म्हणून वॉरन यांचें नांव आहे आणि कोसंबींचें नांव संशोधन करणारा म्हणून आहे. तोच ग्रंथ त्यांनीं १९४० सालीं मुंबईस भारतीय विद्या भवनाकडून देवनागरींत स्वतःच्या नांवानें काढला होता. परदेशांत श्रमाला मोल मिळेल. नांव मिळेलच असें नाहीं, हें जाणाऱ्यानें आधींच समजून असावें.

आणि तरीहि कोसंबींचें जाणें वायां गेलें, असें कोण म्हणेल? १९१२ ते १९१८ या काळांत त्यांनीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत पाली शिकविली. त्यांच्या हाताखालीं शिकलेले पु. वि. बापट पुढें स्वतः हार्वर्डला जाऊन आले आणि पालीचे नामांकित पंडित झाले. पहिल्या फेरीहून परतलेल्या शिक्षकाला बसावयास जागा होती, म्हणूनच ही परंपरा निर्माण झाली.

या ग्रंथांत एक उणीव मात्र आम्हांस जाणवते. लेखकानें घर सोडलें तेव्हां मागें पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्यांचा उल्लेख आहे. परंतु त्या वर्षांचें ओझें बाळाबाईंनीं कसें वाहिलें, हें वाचकाला तिच्या बाजूनें दिसत नाहीं. विद्येसाठीं किंवा नोकरीसाठीं दूर जाणाऱ्याचा हिशेब मागें राहिलेल्या माणसांवांचून पुरा होत नाहीं. ज्या घरांत आज हा विचार चालू आहे, तेथें ही बाजू प्रथम मांडली जावी.

कोसंबी हे परक्या देशीं गेलेले शिक्षक. आमच्या मराठवाड्यानें या गोष्टीची दुसरी बाजूहि पाहिली आहे. १९४८ पूर्वीं हिमायतनगरच्या उत्तरेस पैनगंगा ओलांडली कीं वऱ्हाड लागे आणि तेथें इंग्रजी अंमल असे. अलीकडे निजामाचें राज्य. या राज्यांत सरकारी नोकरीसाठीं 'मुलकी' आणि 'गैरमुलकी' असा भेद होता, आणि वरच्या वर्गांचें शिक्षण उर्दूंतून चाले. अशा राज्यांत १९२९ सालीं इंग्रजी अंमलांतील विजापूर जिल्ह्यांत जन्मलेला एक तरुण हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत शिकवावयास आला. त्याची एम्. ए. ची पदवी पुण्याच्या टिळक विद्यापीठाची, म्हणजे सरकारमान्य विद्यापीठाबाहेरची होती. पुढें १९३५ त तो अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंत गेला. तेच स्वामी रामानंद तीर्थ. सरहद्द ओलांडून येणाऱ्या शिक्षकाकडून ज्या मुलखानें इतकें घेतलें, त्यानें सरहद्द ओलांडून जाणाऱ्याला कृतघ्न म्हणण्याची घाई करूं नये.

आजची परिस्थिति वेगळी आहे, हें खरें. आजच्या मुलापाशीं सनद आहे. कमी आहे ती जागेची. महाराष्ट्रांत २००० सालीं 'शिक्षण सेवक' ही योजना आली. पहिलीं तीन वर्षें पूर्ण वेतनाऐवजीं मानधन घ्यावयाचें. प्राथमिक शिक्षकाचें हें मानधन दीर्घकाळ दरमहा ६,००० रुपये होतें, तें २०२३ सालीं १६,००० झालें. विनाअनुदानित शाळांतून तर वर्षानुवर्षें बिनपगारी शिकविणारे शिक्षक आम्हीं पाहिले आहेत. त्याच २०२३ सालीं इंग्लंडनें भारतांत प्रशिक्षित झालेल्या गणिताच्या व विज्ञानाच्या शिक्षकांना आपली शिक्षकपदाची सनद मागण्याची वाट खुली केली. एकीकडे दार लोटलेलें आणि दुसरीकडे उघडलेलें असतां मुलगा कोणत्या दारांतून जाईल, हें सांगावयास ज्योतिषी नको. अशा वेळीं देशाभिमानाचा पाठ त्याला देणें म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचें माहात्म्य सांगणें होय.

परंतु परदेश त्याच्या कोणत्या विद्येला बोलावतो आहे, हें त्यानें पारखून घ्यावें. कोसंबींना बोलावणें आलें तें त्यांच्यापाशीं असलेल्या, तेथें दुर्मिळ अशा विद्येला. आजचें बोलावणें पुष्कळदां केवळ रिकाम्या जागेला असतें. जागा भरली कीं गरज संपली. ज्याचा विषय पक्का आणि अभ्यास चालू, तो तेथेंहि शिक्षक राहील; ज्याच्यापाशीं केवळ सनद आहे, त्याला परदेश पगार देईल, पण त्याचा शिक्षक म्हणून विकास करील असें नाहीं.

'निवेदन' हा कांहीं या प्रश्नावरचा ग्रंथ नव्हे, आणि त्यांतून नोकरीचा सल्ला काढणें लेखकाला रुचलेंहि नसतें. तथापि बडोद्याचे ते ५० रुपये आणि फर्ग्युसनमधील ती जागा यांचा विचार केल्यावर आमचें मत असें झालें आहे कीं, शिक्षक कां गेला असें विचारण्याआधीं तो परत आला तर त्याला कोठें बसवाल, हें समाजानें स्वतःस विचारावें. सध्यां तरी या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर आमच्या तालुक्यापाशीं नाहीं.