संताप आणि डॉलर : दंडात्मक नुकसानभरपाईविषयीच्या एका ग्रंथाची चिकित्सा

अमेरिकी दिवाणी खटल्यांत ज्युरी दंडात्मक नुकसानभरपाईची रक्कम कशी ठरवते, हा कॅस सनस्टीन, रीड हेस्टी, जॉन पेन, डेव्हिड श्केड व किप विस्कुसी यांच्या २००२ साली प्रकाशित झालेल्या ‘प्युनिटिव्ह डॅमेजेस : हाऊ ज्युरीज डिसाइड’ या ग्रंथाचा विषय आहे. अशी भरपाई वादीचे नुकसान भरून काढण्यासाठी नसून प्रतिवादीस शासन करण्यासाठी व इतरांस जरब बसविण्यासाठी असते.

अभिरूप ज्युरींवरील प्रयोगांतून निघालेला मुख्य निष्कर्ष लक्षणीय आहे. प्रतिवादीचे वर्तन किती संतापजनक, याविषयी नागरिकांत बरेच एकमत आढळते. तोच संताप डॉलरमध्ये मांडावयास सांगितले की आकडे कोठल्या कोठे जातात. डॉलरच्या मापपट्टीस वरचे टोक नाही, ठरलेले एककही नाही. सामूहिक चर्चेने तर रक्कम बहुधा वाढतेच.

येथपर्यंत ग्रंथ पटतो. मात्र हे काम न्यायाधीशांकडे वा तज्ज्ञांकडे सोपविण्याकडे त्याचा जो कल आहे, तो या पुराव्यातून निष्पन्न होत नाही. दोष मापपट्टीत असेल, तर ती हाती धरणारा बदलून काय साधणार? थिओडोर आयझेनबर्ग व सहकाऱ्यांनी २००२ मध्येच प्रत्यक्ष निकालांच्या अभ्यासातून ज्युरी व न्यायाधीश यांच्यात या बाबतीत फारसा फरक नसल्याचे दाखविले होते. शिवाय खटल्याचा गोषवारा पुढे ठेवून केलेल्या प्रयोगांत उलटतपासणी नाही आणि खरोखर कोणाच्या तिजोरीतून पैसा जाणार आहे ही जाणीवही नाही.

आणखी एक बाब नोंदविणे भाग आहे. १९८९ च्या अलास्का तेलगळतीबद्दल एक्झॉन कंपनीस ज्युरीने १९९४ मध्ये ५०० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. अपील न्यायालयाने तो निम्म्यावर आणला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सागरी कायद्यापुरते भरपाई व दंड यांचे १:१ हे कमाल प्रमाण ठरवून तो ५० कोटी ७५ लाखांवर उतरविला. याच निकालाच्या एका तळटीपेत, ज्युरीविषयीच्या या संशोधनास अंशतः एक्झॉनचेच अर्थसाहाय्य असल्याने त्यावर विसंबण्यास न्यायालयाने नकार दिला. (निष्कर्ष म्हणून खोटे ठरतात असे नव्हे; पण प्रश्न कोणी विचारावयास लावला, हे वाचकास ठाऊक हवे.)

मग १:१ हे प्रमाण आले कोठून? न्यायालयाने आधीच्या निकालांच्या आकडेवारीतील मध्यक, म्हणजे ०.६५:१, आधारास घेतला. त्या निकालांत ज्युरींनी दिलेले निकालही होतेच.