हाडाला नाव कोणी दिले?

जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिन मठाच्या अवशेषांत सापडलेले हाताचे हाड जॉर्जियाची राणी केतेवान हिचेच, हे ‘डीएनएने सिद्ध केले’ असे सर्रास लिहिले जाते. हे विधान मला घाईचे वाटते.

ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिल्यावर इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराझ येथे तिला हाल करून मारले. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी १६२७ मध्ये तिच्या काही अस्थी गोव्यात आणल्या. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’चा निष्कर्ष इतकाच, की या हाडातला ‘यू१बी’ हा मातृवंश भारतात आढळत नाही, जॉर्जियात आढळतो. वंश कळला; व्यक्ती नव्हे. व्यक्तीपर्यंत नेले ते कागदाने आणि दगडाने. पोर्तुगीज नोंदीत मठातल्या एका चॅपेलची दुसरी खिडकी सांगितली होती. ती जागा ओळखायला मानुएल द सिकेरा याच्या थडग्यावरचा लेख उपयोगी पडला. (रोमच्या भुयारी दफनभूमीतही चौथ्या शतकात पोप दमाससने हुतात्म्यांच्या थडग्यांवर पद्यलेख कोरवले होते. त्याशिवाय भाविकाने कुठल्या हाडांपुढे गुडघे टेकायचे?)

अर्थात १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, सगळे ढिगाऱ्यात मिसळले. सोबतच्या दोन हाडांतून भारतीय मातृवंश निघाले. ही चाळणी शिलालेखाला जमली नसती. २०२१ मध्ये अवशेष जॉर्जियाला दिला गेला तो तिन्ही साक्षी जुळल्यावर. त्यांत वजन मी दगडालाच अधिक देतो.