अवजार, कारागीर आणि अभिप्राय

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांना त्यांच्या अवजारांविषयी मत विचारण्याची प्रथा आता सार्वत्रिक झाली आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषा, कंपायलर, आज्ञावलीतील चुका शोधून देणारी साधने ही सर्व त्यांची अवजारे होत. ती घडविणारे वेळोवेळी प्रश्नावल्या पाठवितात, नव्या आवृत्तीचा मसुदा पुढे ठेवतात व सूचना मागवितात. या प्रथेच्या उपयुक्ततेविषयी सहसा कोणी शंका घेत नाही. परंतु मत मागविणे आणि परीक्षण घडवून आणणे या दोन भिन्न क्रिया आहेत. पहिली पार पडली म्हणजे दुसरी आपोआप साधते, हा समज मात्र तपासून पाहावयास हवा.

अवजाराविषयीचा अभिप्राय ही कल्पना काही संगणकाबरोबर जन्मास आलेली नाही. मराठवाड्यातील खेड्यांत बलुतेदारी चालू होती, तोवर तिफण घडविणारा सुतार आणि ती चालविणारा कुणबी एकाच गावात राहत असत. फणांतील अंतर चुकले तर पेरणी चुके, आणि ती चूक उगवलेल्या पिकाच्या ओळींत साऱ्या गावाला दिसे. सुताराला प्रश्न विचारावे लागत नसत. त्याच्या अवजाराचे परीक्षण शिवारात उघडपणे मांडलेले असे, आणि सुगीला मिळणारे बलुते त्याला त्या परीक्षणाशी बांधून ठेवी. येथे अभिप्रायाचे तीन घटक एकत्र आलेले दिसतात: दोष डोळ्यांना दिसतो, तो घडविणाऱ्यापर्यंत पोहोचतो, आणि तो दुरुस्त करण्याचे दायित्व त्याच्यावर राहते.

धाराशिव जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. त्या व्यवसायाकडे पाहिले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दारूकामात ठिणगी पाडणारे लोखंडी अवजार वर्ज्य मानतात. त्याऐवजी लाकडाचे वा पितळेचे वापरणे इष्ट असते. हा नियम कामगारांची आवडनिवड विचारून ठरलेला नाही, तर तो धोक्याच्या अनुभवातून आला आहे. लोखंडी अवजार कदाचित हाताला अधिक सोयीचे वाटेल. तथापि सोय हा येथे निर्णायक निकष नव्हे. अवजार आवडते काय, हा एक प्रश्न. त्याने काय घडते, हा दुसरा. आजच्या बहुतेक प्रश्नावल्या पहिलाच प्रश्न विचारून थांबतात, हा त्यांच्यावरील मुख्य आक्षेप होय.

अभिप्राय मागविण्याचा फार मोठा प्रयोग एडा या भाषेच्या संदर्भात झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1975 पासून भाषेच्या अपेक्षांचे मसुदे एकामागून एक प्रसृत केले. गवताचा माणूस, लाकडाचा, कथलाचा, लोखंडाचा आणि शेवटी 1978 मध्ये पोलादाचा माणूस अशी त्यांची चढत्या बळकटीची नावे होती. प्रत्येक मसुद्यावर लष्कर, उद्योग व विद्यापीठे यांतील जाणकारांची मते घेण्यात आली. चार गटांनी रचलेल्या भाषांतून 1979 मध्ये झां इश्बिया यांच्या नेतृत्वाखालील गटाची निवड झाली. ही पद्धत निःसंशय उदार होती. तरीही 1980 च्या ट्यूरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात टोनी होर यांनी या भाषेवर कठोर टीका केली. आपण 1975 पासून दिलेला सल्ला निष्फळ ठरला आणि साधेपणाचा बळी गेला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. एडाने पुढे विमाने व रेल्वे यांसारख्या क्षेत्रांत चांगले काम दिले, त्यामुळे होर यांची भीती पूर्णतः खरी ठरली असे म्हणता येणार नाही. पण त्यांच्या आक्षेपातील एक सूत्र टिकणारे आहे. प्रत्येक अभिप्राय काहीतरी वाढवावयास सांगतो. काढून टाका असे सांगणारा विरळा. मतांची नुसती बेरीज केली की अवजार जड होत जाते. निवड करणारी विवेकबुद्धी त्या बेरजेतून निर्माण होत नाही.

याउलट उदाहरण डोनल्ड नूथ यांचे आहे. अक्षरजुळणीसाठी रचलेल्या आपल्या टेक या आज्ञावलीबद्दल त्यांनी लोकांची पसंती विचारली नाही. त्यांनी चुका मागितल्या. चूक दाखविणाऱ्यास बक्षीस ठेवले, ते वाढवीत नेले आणि शेवटी 327.68 डॉलरवर स्थिर केले. शिवाय सापडलेल्या चुकांची नोंद ठेवून, त्यांचे वर्गीकरण करून ती 1989 मध्ये एका निबंधासह प्रसिद्ध केली. येथे विचारणा नेमकी आहे, उत्तराला मोल आहे आणि त्याचे काय झाले हे सर्वांना पाहता येते. बलुतेदारीतील ते तीन घटक या निराळ्या जगात पुन्हा भेटतात. अर्थात ही पद्धत चुकांपुरतीच पुरेशी आहे. अवजाराची मूळ कल्पनाच एखाद्या वर्गाला गैरसोयीची असेल, तर ती उणीव चुकांच्या यादीत येत नाही.

ही मर्यादा मराठीच्या अनुभवावरून स्पष्ट होते. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, 1991 मध्ये, देवनागरीला स्थान मिळाले; परंतु मराठीला लागणारे ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र संकेत घेऊन आले ते 2008 मध्ये. मधल्या काळात ‘अ’ला चंद्र जोडून काम भागविले गेले. परिणाम असा की एकाच शब्दाची दोन रूपे आज संगणकात नांदत आहेत. वाचणाऱ्याला ती एकच दिसतात. साधी तुलना करणारी आज्ञावली मात्र ती भिन्न मानते, आणि शोध घेताना एक रूप सापडते, दुसरे निसटते. उशिरा पोहोचलेली उणीव दुरुस्त झाली तरी आधीचे लेखन आपोआप दुरुस्त होत नाही. विलंबाची किंमत अवजार घडविणाऱ्याला नव्हे, वापरणाऱ्याला मोजावी लागते.

प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे. तेरखेड्यासारख्या गावातून मराठी माध्यमात शिकून आलेला विद्यार्थी प्रथम आज्ञावली लिहावयास बसतो, तेव्हा कंपायलर त्याच्या चुकीची सूचना इंग्रजीत, तीही संक्षिप्त व दुर्बोध इंग्रजीत देतो. ती न कळल्यास तो अवजाराला दोष देत नाही. आपल्यालाच हे जमत नाही, असे समजतो. फण वाकडा असेल तर कुणबी सुताराकडे जाई. हा विद्यार्थी कोणाकडे जाणार? प्रश्नावली त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी ज्याला तो स्वतःचा दोष मानतो त्याची तक्रार तो करणार नाही. ज्यांनी अवजाराशी जुळवून घेतले तेच उत्तरे देतात. जे मध्येच सोडून गेले त्यांचे मौन समाधान म्हणून गणले जाते. सर्वाधिक मूल्यवान अभिप्राय अशा रीतीने मोजणीच्या बाहेर राहतो.

यावरून अभिप्रायाच्या कोणत्याही निमंत्रणास लावावयाचे काही निकष निष्पन्न होतात. ते आवडीऐवजी घडलेला प्रसंग विचारते काय? आलेल्या उत्तराचे काय झाले हे ते कळविते काय? काय नाकारले व का नाकारले, याचा जबाब देते काय? आणि मुख्य म्हणजे, अडखळून थांबलेल्या नवशिक्याला त्याच्या भाषेत बोलण्यास वाव देते काय? यांतील शेवटचा निकष पाळण्यास मोठी यंत्रणा लागत नाही. अध्यापकाने प्रयोगशाळेत विद्यार्थी कोठे थांबतो हे पाहून टिपून ठेवले आणि ती टिपणे अवजार घडविणाऱ्यांकडे पाठविली, तरी आरंभ होईल. असे केले तरच ‘मला जमत नाही’ या वाक्यामागे अनेकदा ‘हे अवजार नीट घडलेले नाही’ असे दुसरे वाक्य दडलेले असते, हे उघड होईल.