अस्पष्ट उच्चार आणि निश्चित पाठ : वैद्यकीय श्रुतलेखनातील शब्दनिर्णयाची पाठचिकित्सा

प्रस्तावना

डॉक्टरांनी तोंडी सांगितलेला रुग्णवृत्तान्त ऐकून तो लेखी स्वरूपात उतरवण्याचा व्यवसाय 'मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन' या नावाने ओळखला जातो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतील रुग्णालयांचे हे काम भारतात येऊ लागले आणि पुढील दशकात बंगळूर, मुंबई, हैदराबाद या शहरांप्रमाणे पुण्यातही त्याचे प्रशिक्षणवर्ग निघाले. या व्यवसायाकडे प्रामुख्याने रोजगार आणि माहिती तंत्रज्ञान या दृष्टींनी पाहिले गेले. वस्तुतः ध्वनीवरून शब्द ठरवणे आणि तो ठरवल्याची जबाबदारी घेणे हे या कामाचे मूळ स्वरूप आहे. म्हणजेच तो भाषाव्यवहार आहे आणि त्याची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकांनीही केली पाहिजे.

प्रस्तुत लेखाची व्याप्ती एका प्रश्नापुरती मर्यादित आहे. डॉक्टरांनी उच्चारलेली संज्ञा स्पष्ट ऐकू आली नाही, तर लेखनिकाने काय करावे? हस्तलिखितातील संदिग्ध जागी संपादकापुढे हाच प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्याची एक समृद्ध परंपरा पुण्यातच घडली आहे. त्या परंपरेच्या कसोट्या लावून या व्यवसायातील शब्दनिर्णयाच्या पद्धतीचे परीक्षण करणे हा येथे हेतू आहे.

१. श्रुतलेखनाचे स्वरूप

डॉक्टर दूरध्वनीवर किंवा ध्वनिमुद्रकावर वृत्तान्त सांगतात. ती फाईल संगणकाद्वारे लेखनिकाकडे येते. लेखनिक कानाला हेडफोन लावून, पायाखालच्या पेडलने ध्वनिमुद्रण पुढेमागे करीत मजकूर टंकित करतो. नंतर संपादक तो तपासतो आणि अखेरीस डॉक्टरांनी तो वाचून मान्य करावा अशी अपेक्षा असते. पुणे आणि न्यूयॉर्क यांच्या वेळांत ऋतुमानानुसार साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असल्यामुळे तेथील रात्री येथे काम होते आणि सकाळी अहवाल तयार मिळतो. हीच सोय या व्यवसायाच्या वाढीचे एक कारण ठरली.

परंतु याच अंतरामुळे लेखनिक एका साध्या गोष्टीला मुकतो. त्याला सांगणाऱ्याला उलट विचारता येत नाही. आपल्या पेठेतील औषधविक्रेताही दुर्बोध अक्षराशी झुंजतो. (औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या लिपीत लिहावीत असे भारतीय वैद्यक परिषदेला २०१६ साली नियमातच सांगावे लागले.) तथापि तो गिऱ्हाइकाला "त्रास कशाचा आहे?" असे विचारू शकतो, डॉक्टरांना फोन करू शकतो. लेखनिकासमोर सांगणारा नसतो, रुग्ण नसतो. असतो तो केवळ आवाज. चालता चालता सांगितलेला, मध्येच कोणाशी तरी बोललेला, शेवटाकडे घाईने उरकलेला.

महाभारताच्या लेखनाविषयीची प्रसिद्ध कथा या संदर्भात आठवते. आपली लेखणी थांबता कामा नये अशी अट गणपतीने घातली आणि अर्थ समजल्याशिवाय एकही अक्षर लिहू नये अशी उलट अट व्यासांनी घातली. वेग आणि अर्थबोध ही श्रुतलेखनातील दोन परस्परविरोधी बंधने या कथेत नेमकी पकडली आहेत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीने मात्र ही कथा उत्तरकालीन भर ठरवून मूळ संहितेतून परिशिष्टात टाकली, हेही लक्षणीय आहे. कथा कितीही अर्थपूर्ण असली तरी पुराव्याशिवाय तिला संहितेत स्थान नाही, ही शिस्त पुढील विवेचनाला उपयुक्त आहे.

२. शब्दनिर्णयाच्या कसोट्या

अस्पष्ट संज्ञेचा निर्णय करताना अनुभवी लेखनिक ज्या पायऱ्यांनी जातो, त्या पाठचिकित्सेच्या पायऱ्यांशी विलक्षण जुळतात.

पहिली कसोटी संदर्भाची. 'इलियम' असा एकच उच्चार असलेल्या दोन इंग्रजी संज्ञा आहेत. एकीचा अर्थ कमरेच्या हाडाचा वरचा पसरट भाग आणि दुसरीचा लहान आतड्याचा शेवटचा भाग. कानाला त्यांत काहीच भेद नाही. भेद एका अक्षराच्या वर्णलेखनाचा. वाक्य अस्थिभंगाविषयी आहे की आतड्याच्या शस्त्रक्रियेविषयी, यावरून निर्णय होतो. मोडी लिपीत इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिले जात नाहीत. तेथेही वाचक वाक्यार्थावरूनच शब्द ठरवतो.

दुसरी कसोटी अंतर्गत साक्षीची. याच अहवालात ती संज्ञा अन्यत्र आली आहे काय? निदान, तपासण्या आणि औषधयोजना परस्परांशी जुळतात काय? रक्तदाबाचा आकडा वाढलेला असेल, तर 'हायपो' ऐकू आले तरी 'हायपर'ची शक्यता तपासली पाहिजे. त्याच डॉक्टरांचे जुने अहवाल म्हणजे जणू त्याच लेखकाची इतर हस्तलिखिते.

तिसरी कसोटी कठीणतर पाठाची. नक्कलकार अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द नकळत बसवतो. म्हणून दोन पाठांपैकी दुर्बोध पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, हे पाठचिकित्सेतील मान्य तत्त्व आहे. औषधांच्या नावांत याचा प्रत्यय वारंवार येतो. आम्लपित्तावरील 'लोसेक' हे नाव जुन्या, सर्वपरिचित 'लेसिक्स' या लघवी वाढवणाऱ्या औषधाशी गल्लत होण्याइतके जवळचे ठरले, म्हणून अमेरिकेत १९९० साली ते बदलून 'प्रायलोसेक' करण्यात आले. पुढे या नव्या नावाचाही 'प्रोझॅक' या मानसोपचारातील औषधाशी घोटाळा झाल्याच्या नोंदी झाल्या. सांधेदुखीवरील 'सेलेब्रेक्स', नैराश्यावरील 'सेलेक्सा' आणि झटक्यांवरील 'सेरेबिक्स' हे त्रिकूटही असेच. कान ओळखीच्या नावाकडे धावतो. लेखनिकाने त्या धावेला आवर घालायचा असतो.

काही डॉक्टर स्वतःच ही अडचण ओळखतात. अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे आणि मध्यरेषेकडे आणणे या परस्परविरोधी हालचालींची इंग्रजी नावे 'ॲबडक्शन' व 'ॲडक्शन' अशी आहेत. म्हणून ते 'ए-बी-डक्शन', 'ए-डी-डक्शन' असे अक्षरे फोडून सांगतात. वक्त्यानेच पाठभेदाची शक्यता गृहीत धरून केलेला हा उपाय अत्यंत साधा व परिणामकारक आहे.

३. जेथे संदर्भ अपुरा पडतो

वरील कसोट्यांमुळे सर्व शब्द सुटतात असा समज होण्याचा संभव आहे. प्रशिक्षणवर्गांत 'संदर्भावरून ओळखा' हा मंत्र सतत सांगितला जातो. त्याची मर्यादा दाखवणारे एक उदाहरण मराठी भाषकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

'डिस्फेजिया' म्हणजे गिळण्यातील अडचण आणि 'डिस्फेझिया' म्हणजे मेंदूच्या आघातामुळे भाषा वापरण्यात येणारी अडचण. या दोन शब्दांत इंग्रजीत जो व्यंजनभेद आहे, त्यांतील दुसरे व्यंजन मराठीच्या वर्णव्यवस्थेत नाही. 'झ' हे आपण केलेले सोयीस्कर लिप्यंतर. त्यामुळे मराठी कानाला हे दोन्ही शब्द एकाच ध्वनीकडे ओढले जातात. येथे संदर्भाचे साहाय्य घ्यावे म्हटले, तर पक्षाघाताच्या रुग्णात दोन्ही लक्षणे संभवतात. एकाच वाक्यात दोन्ही संज्ञा सारख्याच शोभतात. निर्णय चुकला तर गिळता न येणाऱ्या रुग्णाला नेहमीचा आहार दिला जाऊन अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे. या घोटाळ्यामुळेच अनेक तज्ज्ञ दुसऱ्या अर्थासाठी 'अफेझिया' ही संज्ञा पसंत करतात.

आकड्यांचे असेच आहे. अलाबामा राज्यातील एका रुग्णालयाच्या २००८ सालच्या प्रकरणात मधुमेही रुग्णाच्या अहवालात इन्सुलिनची मात्रा ८ एककांऐवजी ८० एकक अशी उमटली. श्रुतलेखनाचे हे काम भारतात करवून घेतले गेले होते. पुढील उपचारकेंद्रात त्या मात्रेप्रमाणे औषध दिले गेले आणि रुग्ण दगावला. २०१२ साली तेथील ज्यूरीने १४ कोटी डॉलर भरपाईचा निवाडा दिला. 'एट' आणि 'एटी' यांत एका अंत्य स्वराचे अंतर आहे. ८० एकक ही मात्रा काही रुग्णांना दिलीही जाते, म्हणून वाक्य वाचताना ते खटकेलच असे नाही. चुकीचा पाठ अर्थपूर्ण असतो तेव्हाच तो सर्वांत धोकादायक असतो, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

४. नागमोडी रेघ आणि रिकामी जागा

अशा जागी काय करावे, याचे उत्तर भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पाने दिले आहे. १९१९ ते १९६६ या काळात पूर्ण झालेल्या या आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखितांचे परीक्षण झाले. १९२५पासून प्रमुख संपादक असलेल्या डॉ. वि. सी. सुखटणकर यांनी पाठनिर्णयाची जी शिस्त घातली, तिच्यात कल्पनेने पाठ सुधारण्याला अत्यल्प स्थान होते. स्वीकारलेला पाठ पुरेशा पुराव्याने सिद्ध होत नसेल, तर त्याखाली नागमोडी रेघ छापण्यात आली. संपादकाने निर्णय तर घेतला, परंतु त्या निर्णयाची अनिश्चितता वाचकापासून लपवली नाही. मोडी कागदपत्रांच्या संपादकांनीही न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे देण्याची किंवा कंसात प्रश्नचिन्ह घालण्याची रीत पाळलेली आढळते.

मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या व्यवसायातही याला समांतर संकेत आहे. ऐकू न आलेल्या शब्दाच्या जागी रिकामी रेघ सोडावी, ध्वनिमुद्रणातील त्या क्षणाची वेळ नोंदवावी आणि काय ऐकू आल्यासारखे वाटले ते शेऱ्यात लिहावे. ही रिकामी जागा अज्ञानाची कबुली दिसत असली, तरी वस्तुतः ती एक माहिती आहे. "येथे थांबा, मूळ वक्त्याला विचारा," असे ती वाचकाला सांगते. अंदाजाने भरलेला शब्द हीच माहिती पुसून टाकतो.

५. ओळींचा हिशेब

प्रश्न असा की हा संकेत पाळण्यास व्यवसायरचना कितपत वाव देते? मोबदला बहुधा ओळींवर मोजला जातो आणि पासष्ट अक्षरखुणांची एक ओळ धरण्याचा प्रघात आहे. एका शब्दासाठी दहा मिनिटे खर्ची घातल्याने ओळी वाढत नाहीत. रिकाम्या जागा असलेला अहवाल पुढच्या तपासनीसाकडे जातो, त्याला विलंब होतो. तो शब्द तपासनीसाला ऐकू आला, तर लेखनिकाचे गुण कापले जाऊ शकतात. उलटपक्षी, अंदाज बरोबर निघाला तर लाभ आणि चुकीचा असूनही वाक्यात शोभून गेला तर तो बहुधा पकडलाच जात नाही.

सर्वसाधारणपणे अठ्ठ्याण्णव टक्के अचूकतेची अपेक्षा असते. गंभीर चुकांना अधिक भार देण्याची पद्धत आहे, हे मान्य केले तरी टक्केवारीच्या मोजमापात मूलभूत उणीव राहते. आठाचे ऐंशी होणे ही एका शून्याची चूक आहे.

दोष केवळ लेखनिकाच्या बाजूचा नाही. 'सांगितले, परंतु वाचले नाही' अशा अर्थाचा शिक्का अहवालावर मारण्याची प्रथा इंग्रजी भाषक वैद्यकजगतात रूढ होती. अशा शिक्क्याने वक्ता आपल्याच पाठाची जबाबदारी नाकारतो आणि हजारो मैल दूर, अल्प मोबदल्यावर काम करणाऱ्या लेखनिकाच्या कानावर ती सोपवतो.

६. यंत्राचे श्रुतलेखन

आता हे काम मोठ्या प्रमाणावर संगणकप्रणाली करतात आणि माणसाकडे तपासणीचे काम उरते. यंत्राचा कान पुष्कळ सुधारला आहे, यात शंका नाही. तथापि या प्रणाली साधारणतः सर्वाधिक संभाव्य शब्द देऊन पुढे जातात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हिस्पर' या प्रणालीचा अमेरिकन संशोधकांनी केलेला अभ्यास २०२४ साली प्रकाशित झाला. त्यात सुमारे एक टक्का ध्वनिखंडांच्या लेखनात, मुळात कोणी उच्चारलेलेच नाहीत असे संपूर्ण वाक्यांश आढळले. वाचाघात झालेल्या व्यक्तींच्या बोलण्यात, जेथे दीर्घ विराम असतात तेथे, हे प्रमाण अधिक होते. शांततेची जागाही यंत्राने शब्दांनी भरली. ज्यांचे बोलणे सर्वांत काळजीपूर्वक ऐकले जावे, त्यांच्याच तोंडी परके शब्द घातले गेले. सफाईदार व अखंड मजकूर वाचताना तपासनीसाची सावधता शिथिल होते, हा आणखी एक धोका आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. अस्पष्ट वैद्यकीय संज्ञेचा निर्णय ही पाठचिकित्सेची क्रिया असून संदर्भ, अंतर्गत साक्ष व कठीणतर पाठ या कसोट्या तेथे उपयोगी पडतात. दोन पाठ सारखेच अर्थपूर्ण असतील तेथे संदर्भाची कसोटी निरुपयोगी ठरते आणि तेथे रिकामी जागा हाच शास्त्रशुद्ध निर्णय होय. गुणांकन व मोबदल्याच्या पद्धतीत समर्थनीय रिकाम्या जागेला दंड न होता मान्यता मिळाली पाहिजे. माणूस असो वा यंत्र, अनिश्चित पाठ अनिश्चित म्हणूनच दिसला पाहिजे.

हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापनालाही भिडतो. "उत्तर येत नसले तरी काहीतरी लिहा, जागा कोरी सोडू नका," हा सल्ला आपल्या परीक्षापद्धतीत विद्यार्थ्याला सर्रास दिला जातो आणि त्याला गुणही मिळतात. तीच सवय घेऊन तो श्रुतलेखनाच्या, अनुवादाच्या वा मुद्रितशोधनाच्या व्यवसायात जातो. मराठी विभागांतून पाठचिकित्सा शिकवली जाते ती प्राचीन ग्रंथांपुरती. तिला व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात स्थान देऊन, ऐकलेले, तर्काने ठरवलेले आणि न कळलेले यांत भेद करण्याचे शिक्षण दिले, तर नागमोडी रेघेमागील शिस्त ग्रंथालयाबाहेर पडून रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचू शकेल.